झाडाला कुणी आळशी म्हणत नाही

(येडगावात लिहिलेला, जुन्नर-आंबेगावातल्या सगळ्यांसाठीचा जाहीरनामा)

भर दुपारी टोमॅटोच्या झाडानं मान टाकली, तर आपल्याकडचा शेतकरी काय करतो? आधी बुडाशी बोट खुपसून ओल बघतो. ओल ठीक असली तर एक झाड मुळासकट उपटतो. मुळ्यांवर गाठी दिसल्या की सूत्रकृमी. मुळ्या साफ असल्या तर खोड उभं चिरतो, आत तपकिरी रेघ दिसली की मर. तरी शंका उरली तर खोडाचा तुकडा पाण्याच्या ग्लासात लटकता धरतो आणि थांबतो. कापल्या जागेतून दुधासारखी धार खाली उतरली, तर ती जिवाणूंची करणी. फळाच्या बुडाला काळा डाग पडला म्हणून फळाला कुणी औषध चोळत बसत नाही. फळाला कॅल्शियम पोचलेलं नाही हे त्याला माहीत असतं. बऱ्याचदा ते जमिनीत भरपूर असतं, पण पाणी कधी तुंबलं, कधी तुटलं, म्हणून ते वर चढलं नाही. डाग फळावर, चूक पाण्याच्या पाळीत.

एवढ्या सगळ्यात तो झाडाला एक वावगा शब्द बोलत नाही. नाटकं करतंय, शेजारच्या सरीतली झाडं बघ कशी ताठ उभी आहेत, असं कुणी टोमॅटोला म्हटल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

तोच शेतकरी संध्याकाळी घरी येतो. बायको तिन्हीसांजेला अंथरुणावर पडलेली. "काय झालंय काय तुला? घरात कशाला कमी आहे?"

झाडाशी एक वागणं आणि माणसाशी दुसरं, हे आम्हाला आता पुरे झालंय. म्हणून ही चळवळ.

तिला अजून नाव नाही. नावावरून दोन बैठका वाया गेल्या. तिसऱ्या बैठकीत ठरलं की नावं ठेवायला गाव आहेच, आपण कामाला लागू. आम्ही म्हणजे कोण? अंगणवाडीत आयुष्य घालवलेली मी, जी हे लिहून काढतेय, दोन आशाताई, टोमॅटो-द्राक्षवाले काही शेतकरी, एक निवृत्त मास्तर, बचत गटातल्या बायका, आणि बारावीतली एक मुलगी, जिनं पहिल्याच बैठकीत सगळ्यांना गप्प केलं. आमच्यात डॉक्टर कुणी नाही. हा जाहीरनामा डॉक्टरांच्या विरोधात नाही. दवाखान्यात जाताना आपण काय घेऊन जावं, आणि परत आल्यावर घरात, रानात, ताटात काय बदलावं, याबद्दलचा आहे.

आपल्याकडे कुणी 'मी उदास आहे' म्हणत नाही. बाया म्हणतात अंग मोडून येतं, जीव घाबराघुबरा होतो, डोकं धरलंय, घास उतरत नाही. गडी म्हणतात ॲसिडिटी. क्रेटचा भाव पडला की गावात ॲसिडिटी वाढते, हे नारायणगावच्या टोमॅटो मार्केटजवळच्या कुणालाही विचारा. 2023 च्या उन्हाळ्यात माल रस्त्यावर ओतायची वेळ आली, आणि जुलैत त्याच बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. ज्याचा प्लॉट मे महिन्यात मोडला आणि ज्याचा जुलैत चालू होता, त्या दोघांत कष्टाचा फरक नव्हता. झोपेचा होता.

आणि मग या तक्रारींचं आपण काय करतो? एक तर 'बाहेरचं आहे' म्हणून देवऋष्याकडे. नाही तर सलाईन. 'एक बाटली लावा, अंगात ताकद येईल.' ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. मिठाच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाचा त्याच बाटलीनं जीव वाचतो, तिथं ती हवीच. पण चार महिन्यांच्या थकव्यावर ती लावणं म्हणजे मर लागलेल्या झाडावर पाण्याचा फवारा. तिसरा मार्ग शिकलेल्यांचा, 'टेन्शन घेऊ नका'. हे ऐकून कुणाचं टेन्शन गेल्याचं अजून आमच्या ऐकण्यात नाही.

आधी माझंच सांगते. साखर निघाली तेव्हा गोळी सुरू झाली, मेटफॉर्मिन. चांगली गोळी, साखर आटोक्यात आली. पोटात जळजळायला लागलं म्हणून पित्ताची दुसरी गोळी, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. ती थोड्या दिवसांसाठी होती. सहा वर्षं चालली. बंद कर असं कुणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढं तळपायांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायातून कधी निसटली ते चार पावलं गेल्यावर कळायचं. साखरेनं असंच होतं म्हणून सोडून दिलं. मग विसरायला व्हायला लागलं, आणि मग रडू. परातीत पीठ घेतलं की रडू. कशाचं, ते सांगता येईना. घरात म्हणाले, वय झालं. त्यावर झोपेची गोळी. पाच तक्रारी, तीन गोळ्या, चार ठिकाणचे चार कागद. आणि ते कागद एकमेकांना कधी भेटलेच नाहीत.

एका तरुण डॉक्टर मुलीनं ते चारही एका टेबलावर मांडले आणि मला आजारातलं काही न विचारता जेवणातलं विचारलं. अंडं-मटण खाता? माळ आहे गळ्यात, दिसत नाही का, मी म्हटलं. दूध? ते डेअरीला. घरात चहापुरतं. उपास? सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी. रक्त तपासलं तर बी-12 इतकं खाली की तिनं कागद दोनदा वाचला. हे जीवनसत्त्व जवळजवळ सगळं दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. वर्षानुवर्षं घेतलेली मेटफॉर्मिन ते नीट अंगी लागू देत नाही, पित्ताची गोळीही नाही. ते कमी पडलं की नसा बधिर होतात, अंगातलं रक्त कमी होतं, आठवण जाते, मन खचतं. मुंग्या, विसरणं, रडू या एकाच मुळाच्या तीन फांद्या होत्या. निदान बऱ्याच अंशी. इंजेक्शनं घेतली, रडू दोन महिन्यांत गेलं. मुंग्या कमी झाल्या, पण तळपाय पूर्ण परत आले नाहीत. उशीर झाला होता. साखरेची गोळी आजही चालू आहे आणि राहील.

मला लागलं ते दुसरंच. डेअरीवर आमच्या गाईच्या दुधाची फॅट दिवसातून दोनदा निघते. पॉइंटभर कमी आली तर माझे मालक त्याच रात्री पेंडीत फरक करतात. शेतातली माती आम्ही पिशवीत भरून तपासायला देतो, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या लोकांना भंडावून सोडतो. त्याच घरात माझं रक्त पहिल्या बाळंतपणानंतर साखर निघेपर्यंत एकदाही तपासलं गेलं नव्हतं.

आता ताटाकडं येऊ. इथं जरा थांबायला लागेल, कारण आमच्या बैठकांमध्ये सगळ्यात जास्त वेळ यावरच गेला.

आमच्यातल्या एका सुनेनं तिचा दिवस सांगितला. उठल्यावर चहा. सगळ्यांचे डबे. दहाला पुन्हा चहा आणि खारी. तोडणीला गेली तर दुपारी दोनला रानात अर्धी चपाती, लोणचं. भूक लागू नये म्हणून मधूनमधून मिश्री, तंबाखू भाजून केलेली. 'दात घासते' म्हणतात तिला, पण दात काही दिवसातून पाच वेळा घासावे लागत नाहीत. रात्री सासऱ्यांचं, नवऱ्याचं, मुलांचं, सासूबाईंचं झाल्यावर तव्यावर जे उरलं ते. आठवड्यातले दोन दिवस उपास, म्हणजे साबुदाणा, म्हणजे निव्वळ पिठूळ. आणि मग रात्री साडेअकराला, घर झोपलं की, दिवा न लावता ती फडताळातला डबा काढते. शेव, गूळ, शिळी चपाती, मुलांची बिस्किटं. उभ्यानं, भराभर, पोट दुखेपर्यंत. "चोरासारखं," ती म्हणाली, "आपल्याच घरात." सकाळी लाज वाटते म्हणून पुन्हा काही खायचं नाही, चहावर काढायचं. वजन वाढतंय, म्हणून घरातले म्हणतात हिचं तोंड बंद राहत नाही.

मास्तरांनी मग अमेरिकेतल्या मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं 36 धडधाकट तरुण स्वखुशीनं घेतले आणि सहा महिने अर्धपोटी ठेवले. दिवसाला साधारण दीड हजार कॅलरी, शिवाय चालायचं आणि काम करायचं. मनानं ठणठणीत म्हणून निवडलेली पोरं ती. काही आठवड्यांत चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, उदास झाली. ताटं चाटायला लागली, स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करायला लागली, खाण्याशिवाय डोक्यात दुसरं काही येईना. आणि प्रयोग संपून पोटभर मिळायला लागल्यावर कित्येकांना थांबताच येईना. पोट फुटेस्तोवर खाऊनही भूक हटेना.

सून ऐकत होती. तिला रडू आलं नाही, राग आला. "म्हणजे त्यांना सहा महिने करून बघितलं तर पुस्तक झालं," ती म्हणाली. "मी चौदा वर्षं करतेय."

उपासाला आमचा विरोध नाही. आमच्यातल्या निम्म्याजणी उपास सोडणार नाहीत आणि त्यांना कुणी सोडायला सांगणारही नाही. विरोध आहे तो उपासाच्या दिवशीही तेवढीच क्रेटं उचलायला लावण्याला. विरोध आहे बाईनं शेवटी जेवण्याला, जिथं शेवटी म्हणजे उरलंसुरलं आणि उरलंसुरलं म्हणजे डाळीशिवाय, भाजीशिवाय. जेवणाबरोबरच्या चहालाही थोडा आहे. जेवताना चहा घेतला की अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांपैकी 54 टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि आधीच्या पाहणीपेक्षा हा आकडा वाढलेला होता. अंगणवाडीत मी पाटीची पेन्सिल खाणाऱ्या पोरी आणि भिंतीची माती खाणाऱ्या आया पाहिल्यात. त्यांच्या हातावर फटके मारलेत, हेही कबूल करते. लोह कमी पडलं की अशी वासना होते हे मला फार उशिरा कळलं.

आता त्या बारावीच्या मुलीचं. ती म्हणाली, तुम्ही सगळे भुकेबद्दल बोलताय, मी भुकेला जिंकलेय म्हणून मला शाबासकी मिळत होती. दहावीत एका लग्नात कुणी तरी तिच्या आईला म्हणालं, पोरगी भरलीय हो, स्थळं येणार नाहीत. त्या रात्रीपासून ती जेवण मोजायला लागली. मग टाळायला. पाळी बंद झाली, केस गळायला लागले, परीक्षेत डोळ्यांपुढं अंधारी आली. घरात म्हणत होते नखरे आहेत, शेजारी म्हणत होते किती छान बारीक झालीस. हा आजार शहरातल्या श्रीमंतांचा असतो असं आम्हाला वाटायचं. मोबाइल घरोघर आहे आणि लग्नाच्या बाजारात तराजू पूर्वीपासून आहे. आणखी काय लागतं? तिच्यावर मनोविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांचे उपचार चालू आहेत. सगळी मुळं सापडायची वाट बघितली असती तर पोरगी हातची गेली असती.

ताटात काय होतं आणि काय राहिलं, हा हिशोब आपल्या भागाला वेगळा लागू होतो. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. आमच्या येडगावच्या धरणातून निघालेला डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत जातो. पाण्यानं पैसा आणला, पक्की घरं आणली, पोरं इंजिनियर केली. हे नाकारणारा खोटारडा. पण जिथं बाजरीच्या पाटात मटकी-हुलगा असायचा तिथं ऊस, टोमॅटो, द्राक्षं आली. हुलग्याची शेंगोळी आता पाहुण्यांसाठी किंवा हॉटेलात. आणि एक गोष्ट कुणाच्या ध्यानात न येता गेली. खुरपणीला गेलेली बाई ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी घेऊन परतायची. ती भाजी विकत घ्यावी लागत नव्हती, तण म्हणून ती फुकट मिळायची. आता बांधापर्यंत तणनाशक जातं आणि मल्चिंग पेपरखाली काही उगवत नाही.

ही निव्वळ म्हाताऱ्यांची हळहळ वाटेल. म्हणून एक ठोस गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. आपल्यासारखीच गावं, आपल्यासारखीच शेती. दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं वजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. पण आपली बाळं हाडामांसानं जेवढी बारीक होती, तेवढी चरबीनं नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबी धरून. पुढं मोठेपणी साखर याच वाटेनं येते. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं भरलेली निघाली. ज्या पोटुशी असताना रानात आणि घरात जास्त राबल्या त्यांची बारीक. सुमारे दोन तृतीयांश आयांचं बी-12 कमी होतं. याज्ञिकांनी स्वतःलाही सोडलं नाही. त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा उंचीच्या मानानं वजनाचा आकडा तंतोतंत सारखा, 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9 टक्के, याज्ञिकांची 21. दोघांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये 2004 साली छापून आला.

म्हणजे चाळिशीत साखर निघालेल्या माणसाला 'गोड कमी खा' एवढंच सांगणं अपुरं आहे. त्याच्या साखरेचं एक मूळ त्याची आई सातव्या महिन्यात डोक्यावर पाणी वाहत होती, तिथपर्यंत जातं. आता ते मूळ उपटता येत नाही. पण आज सातव्या महिन्यात असलेली बाई शेजारच्याच घरात आहे.

भाकरीचे गोडवे गाणाऱ्यांनाही एक सांगायचंय, कारण आमच्यातही ते आहेत. अमेरिकेच्या दक्षिण भागात शंभर वर्षांपूर्वी पेलाग्रा नावाच्या आजारानं वेड्यांची इस्पितळं भरली होती. कातडी सोलायची, जुलाब व्हायचे, माणूस आधी खिन्न आणि मग भ्रमिष्ट. सगळे म्हणत होते संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरनं 1914 मध्ये बघितलं की इस्पितळातल्या रोग्यांना होतो, तिथं राबणाऱ्या नोकरांना होत नाही. संसर्ग असा माणसं निवडतो का? मूळ मक्यावर काढलेल्या दिवसांत होतं. दूध, मांस, डाळी नाहीत. नेमकं कमी पडणारं जीवनसत्त्व, नायसिन, 1937 मध्ये सापडलं. पण गोल्डबर्गर आणि त्याचा अर्थतज्ज्ञ सोबती सिडनस्ट्रिकर त्याच्याही खाली गेले. तिथले गिरणी कामगार मकाच का खातात? मजुरी तेवढीच आहे म्हणून. आणि हाच आजार आपल्या दख्खनच्या पठारावर, हैदराबादच्या बाजूला, नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत डॉ. गोपालन यांना 1960 च्या सुमारास सापडला. भाकरी चांगलीच. नुसती भाकरी म्हणजे गरिबी.

आमच्या चळवळीला हे खालपर्यंत जाणं हवंय. जीवनसत्त्वाचं नाव कळलं की आपण थांबतो, बाटली विकत घेतो. बाईच्या ताटात दूध का नाही, हा प्रश्न बाटलीत मावत नाही.

झोपेचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी आजार म्हणून बघत नाही. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री बारानंतर मोटर चालू करायला उसातून जायचं, तेही बिबट्याच्या मुलखात. जुन्नर वनविभागाला बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र चालवावं लागतं, यावरून काय ते समजा. अशी आठवड्याआड मोडणारी झोप वर्षानुवर्षं चालली की रक्तदाब, साखर आणि मन तिन्ही बिघडतात, हे रात्रपाळीच्या कामगारांवर जगभर तपासून झालंय. आणि अशा माणसाला दवाखान्यात सांगतात, रोज पहाटे पाऊण तास चाला. कुठं? उसाच्या कडेनं? दिवसाच्या लाईटची मागणी आपण आजवर पिकासाठी आणि बिबट्याच्या भीतीनं केली. इथून पुढं ती आरोग्याची मागणी म्हणून ग्रामसभेत मांडू आणि ठराव घेऊ.

फवारणीचंही तसंच. एचटीपी पंपाची नळी ओढायला बाई किंवा पोर असतं, तोंडाला फार तर ओढणी. डोकं दुखणं, मळमळ, हात थरथरणं, चिडचिड ही फवारणीच्या रात्रीची ठरलेली तक्रार, आणि तिच्यावर ठरलेली डोकेदुखीची गोळी. आणि राहिलेली बाटली घरात, फडताळात, मिठाच्या डब्याशेजारी. हे आजपासून बंद. औषधं घराबाहेर, कुलपात. मन काळं झालेल्या माणसाला हाताशी विष मिळणं न मिळणं एवढ्यावर जीव तरतो. श्रीलंकेनं 1990 च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आणली, तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या.

इथं एक गोष्ट ठासून. कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं, तर त्या वेळी मूळबीळ काही शोधायचं नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही, 14416 ला फोन लावायचा, तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही लागतो आणि पलीकडून मराठीत बोलतात. दवाखाना गाठायचा. आग लागलेल्या घरात वायरिंग कुणी केलं याची चौकशी करत नाहीत.

आणि मूळ शोधतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. आमच्यापासूनही. मुळाच्या नावानं पावडरींचे डबे विकणारे नारायणगावपासून मंचरपर्यंत पसरलेत. 'इन्सुलिन सोडा, अमुक काढा घ्या' म्हणणारे आहेत. 'तुमच्या विचारांतच खोट आहे' म्हणणारे आहेत, आणि करणी काढून देणारे तर आधीपासूनच होते. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आल्यावर ते फक्त दबक्या आवाजात बोलतात. आम्ही काही विकणार नाही. कुणाची चालू गोळी बंद करायला सांगणार नाही. शंका असली तर ज्यांनी दिली त्यांनाच जाऊन विचारायला सोबत येऊ. काही आजारांना बाहेरचं मूळ सापडतच नाही. स्किझोफ्रेनिया असतो, कारण न सांगता येणारं नैराश्य असतं. त्यात ना आईची चूक असते, ना सुनेची, ना त्या माणसाची. मूळ सापडलं नाही म्हणून झाडाचं पाणी तोडायचं नसतं.

मग करणार काय? प्रत्येकानं एक शंभर पानी वही घ्यायची. महिनाभर रोज चार ओळी: झोप किती, शेवटचं पोटभर जेवण केव्हा आणि काय, काम काय (फवारणी असेल तर औषधाचं नाव), आणि मन कसं होतं. बायांनी पाळीची तारीखही लिहायची. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्यायची. आमच्यातल्या एकीला वहीवरून कळलं की तिची 'अंगात येण्याची' वेळ नेहमी एकादशीच्या संध्याकाळीच असते. तिनं उपास सोडला नाही. दुपारी दही आणि शेंगदाणे घ्यायला लागली. अंगात येणं अजून एखाददा होतं, त्याचंही काही मूळ असेल, बघतोय.

ही वही आणि घरातले सगळे जुने कागद एकत्र करून दवाखान्यात न्यायचे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-12 यातलं काय तपासायला हवं ते डॉक्टरांना विचारायचं. यातल्या बऱ्याच तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत होतात. प्रत्येक गोळीबद्दल एकच प्रश्न: ही किती दिवस? घरात पहिलं ताट जिला सगळ्यात जास्त काम आहे तिचं. दूध डेअरीला घालण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा एकेक पेला बाजूला काढायचा. मिश्री सोडायची असेल तिला हसायचं नाही, ती फार चिवट असते. दर बांधाला वीतभर जागा तणनाशकाशिवाय ठेवायची. मास्तर म्हणतात हे जमणार नाही. बघू.

खोडद, हिवरे, वारूळवाडी, मांजरवाडी, पिंपळवंडी इथल्या आणि खाली घोडेगाव-मंचरच्या कुणालाही यायचं असेल तर दर अमावास्येला, रानातली कामं बंद असतात तेव्हा, येडगावात जमतो. फी नाही, पावती नाही, हार-तुरे नाहीत. येताना घरातल्या गोळ्यांची पिशवी तशीच घेऊन या, रिकामी पाकिटंसुद्धा. आणि उपाशी बसायची तयारी करून येऊ नका. शेंगोळी केलेली असते. वाढायला गडी असतात. दोघांना अजून वाढता येत नाही, सांडतात, तेवढं सांभाळून घ्या.